प्रकल्प संपल्यावरची माणसं

‘तुमचं गाव कुठलं?’ या प्रश्नाला आमच्या घरात एका दमात उत्तर देता येत नाही. अण्णा कराडकडचे, म्हणजे कराडजवळच्या एका वाडीचे. आई चिपळूणची. मधे कुंभार्ली घाट. घाट चढून वर आलं, की हेळवाकच्या पुढे कोयना प्रकल्पाची कॉलनी. तिथे मी वाढले. पण कॉलनीला कुणी गाव म्हणत नाही. तिला ग्रामदैवत नाही, जत्रा नाही, भाऊबंदकी नाही. (हे शेवटचं नव्हतं तेच बरं होतं, असं आई म्हणायची.) काम आहे तोवर माणसं, काम संपलं की बदलीचा कागद, ट्रकमध्ये लोखंडी कॉट आणि तुळशीची कुंडी, आणि चला पुढच्या साईटवर.

कोयनेचं काम सुरू झालं १९५४ साली. अण्णा त्यानंतर काही वर्षांनी ओव्हरसिअर म्हणून तिथे गेले. लग्न करून आईला घेऊन आले, तेव्हा धरणाची भिंत अर्ध्यात होती. आईला घर दाखवायच्या आधी त्यांनी भिंत दाखवली, असं ती आयुष्यभर सांगत राहिली. आधी तक्रार म्हणून सांगायची, म्हातारपणी कौतुकानं.

या नदीची एक गंमत आहे. ती उगम पावते महाबळेश्वरला, सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला वाहत येते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी जायचं बंगालच्या उपसागराला. ते भिंतीनं अडवलं, डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला नेलं, पोफळीच्या वीजघरात खाली सोडलं. तिथून ते वाशिष्ठीत आणि अरबी समुद्रात. अण्णा आईला म्हणायचे, “आमच्या कराडचं पाणी तुझ्या माहेरी पाठवतोय, आता तरी चिपळूणचं कौतुक जरा कमी कर.” आई म्हणायची, “माझ्या माहेरी पाणी कधी कमी होतं हो?” या वादात मी लहानपणापासून पंच होते आणि निकाल कधीच लागला नाही.

कॉलनीत कोण नव्हतं! दगड फोडणारी वडार मंडळी, कानडी गवंडी, पंजाबी यंत्रचालक, दवाखान्यात मल्याळी सिस्टर. आमच्या शेजारच्या सिस्टरबाईंकडून आई इडली शिकली. ती इडली ती घावन्याच्या तव्याशेजारी ठेवायची आणि वर काळ्या मसाल्याची आमटी. इडलीबरोबर सांबार असतं, हे मला पुण्यात आल्यावर कळलं. पावसाळ्यात चार महिने छपरावर पाण्याचा इतका आवाज, की जेवताना बोलायचं झालं तर ओरडायचं. आमच्या घरातली माणसं अजूनही मोठ्यानं बोलतात, त्याचं कारण हेच असावं. पावसात खेकडे दाराशी यायचे. चुलीवर नाचणीची भाकरी, खेकड्याचं कालवण, आणि ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीखाली बसून जेवणारे अण्णा. हे चित्र मी पाहिलंय की आईकडून ऐकून ऐकून पाहिल्यासारखं झालंय, कुणास ठाऊक.

अण्णांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक लांबलचक कागद टाचलेला असायचा. आडव्या पट्ट्या, खाली महिने. त्याला ते बारचार्ट म्हणत. प्रत्येक कामाची एक पट्टी, आणि झालेल्या भागावर लाल पेन्सिल. मला त्या पेन्सिलीला हात लावायला बंदी होती. हा असा पट्ट्यांचा कागद अमेरिकेतल्या हेन्री गँट नावाच्या माणसानं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लोकप्रिय केला, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. अण्णांना गँट ठाऊक नव्हता. त्यांना ठाऊक होता तो त्यांचा हेड कारकून. तो हा कागद दर सोमवारी बघायचा आणि मान हलवायचा. होकाराची का नकाराची, ते बुधवारी कळायचं.

त्यांची दुसरी पवित्र वस्तू म्हणजे मापवही. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची तीत लिहायची आणि त्यावरून बिल निघायचं. या वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर आकड्यावर एक रेघ मारायची, चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा आणि सही. अण्णांनी हीच शिस्त आमच्या शाळेच्या वह्यांनाही लावली होती. माझ्या गणिताच्या वहीत प्रत्येक चुकीशेजारी माझी सही असायची. मास्तर वैतागायचे.

आणि त्यांचं एक वाक्य होतं. सिमेंटचे ट्रक कराडहून यायचे, पावसात रस्त्यात अडकायचे. मुकादम सांगायचा, “साहेब, सिमेंट येतंय.” अण्णा म्हणायचे, “येतंय म्हणजे आलेलं नाही.” बस, एवढंच. आमच्या घरात हे वाक्य पाहुण्यांपासून परीक्षेच्या निकालापर्यंत सगळ्याला लागू झालं. पुढे मी संगणकाच्या क्षेत्रात गेले, हिंजवडीत मोठमोठ्या बैठकांना बसले, तिथे तरणीताठी मुलं सांगायची, “मॅडम, नव्वद टक्के झालंय.” आणि माझ्या तोंडून अण्णा बोलायचे.

आता आजीबद्दल. व्यवस्थापनाच्या भाषणांत ‘आपली आजी हीच पहिली प्रोजेक्ट मॅनेजर’ असं म्हणायची हल्ली फॅशन आहे. टाळ्याही पडतात. पण माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, यातली नव्हती. तिचं काहीही वेळेवर झालं नाही. दिवाळीचा फराळ तुळशीच्या लग्नाला तयार व्हायचा. तिच्या मते घाई हा कारकुनांचा आजार. ती कॉलनीत राहायला आली, की अण्णांचा बारचार्ट बघून विचारायची, “ह्यात जेवायची पट्टी कुठाय?” मला वाटतं तिच्या प्रश्नात तथ्य होतं. पण भाषणात घालण्यासारखी ती नव्हती, हे कबूल करायला हवं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. ही वेळ मला आठवते असं मी म्हणत नाही, ती आम्हाला पाठ करून दिलेली आहे. मला आठवते ती घोंगडी, थंडी आणि अण्णांच्या खांद्याचा वास. बाकी सगळं दुसऱ्यांचं. आई म्हणायची, आधी आवाज आला, मग हलायला लागलं. सिस्टरबाई म्हणायच्या, आधी हललं. कॉलनीतली बहुतेक घरं पडली. सुमारे १८० माणसं गेली. वीजघर बंद पडलं आणि पार मुंबईपर्यंत दिवे गेले. आम्ही मैदानात उजाडेपर्यंत बसलो होतो. अण्णा मात्र आम्हाला तिथे सोडून धरणाकडे गेले. सगळेच गेले, ओव्हरसिअर, इंजिनिअर, मुकादम. घर पडलेलं, बायकामुलं उघड्यावर, आणि पुरुष भिंत बघायला. आईनं ही गोष्ट त्यांना पुढे कितीदा ऐकवली असेल! अण्णांचं उत्तर ठरलेलं असायचं: “भिंत गेली असती, तर कराडला कोण उरलं असतं?” कराडमध्ये आजी होती. आई तिथे गप्प व्हायची.

भिंतीला भेगा पडल्या, पण ती उभी राहिली. १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून लांब अशी ती भिंत. नंतर तिला मागून काँक्रीटचा भक्कम आधार दिला. हा भूकंप साठवलेल्या पाण्यामुळे झाला का, यावर जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून बोलतायत, आणि त्याच शोधात अलीकडे कराडला एक सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली, कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात कान लावला गेला. अण्णा असते तर म्हणाले असते, मापवही कुणाकडे आहे?

एक गोष्ट मात्र कॉलनीतल्या आठवणींच्या गप्पांत हमखास वगळली जाते, म्हणून इथे घालते. आमच्याकडे दूध घालायला एक मावशी यायच्या. खालच्या अंगाला राहायच्या, पण मूळ गाव त्यांचं वरच्या खोऱ्यात, शिवाजीसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली. त्या कधी भांडल्या नाहीत. पण दर पावसाळ्यात, धरण भरत आलं, की आईला विचारायच्या, “वैनी, आज कुठवर आलं?” आई सांगायची, आणि त्या मनात काहीतरी मोजायच्या. आईला वाटायचं पुराची काळजी. मोठेपणी कधीतरी आईनंच मला सांगितलं, की मावशी आपल्या देवळाच्या पायऱ्या मोजत असाव्यात. कोयनेच्या खोऱ्यातली माणसं कुठे कुठे पांगली, सोलापूरकडे, सांगलीकडे, ठाण्या-रायगडकडे. कित्येकांच्या पुनर्वसनाचे कागद नातवंडांच्या हातात आले तरी पुरे झाले नाहीत, आंदोलनं चालूच राहिली. आमची कॉलनी तात्पुरती होती. धरणापायी गेलेली गावं कायमची गेली. अण्णांच्या बारचार्टवर पुनर्वसनाच्या कामाची पट्टी होती का, हे मी त्यांना विचारलं होतं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, “ते महसूल खात्याकडे होतं.”

अण्णांची बदली झाली, मग आणखी बदल्या झाल्या. मधे कधीतरी खात्यानं त्यांना नाशिकला प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून ते ‘सीपीएम’ आणि ‘पर्ट’ शिकून आले. गोल आणि बाण यांचं जाळं काढायचं, आणि त्यातली सगळ्यात लांब वाट शोधायची. त्या वाटेवरचं काम एक दिवस लांबलं, की सगळा प्रकल्प एक दिवस लांबला. ही युक्ती ड्युपाँट या रसायनांच्या कंपनीत १९५७ च्या सुमारास निघाली, आणि लगोलग अमेरिकेच्या आरमारानं पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी तिची चुलत बहीण काढली. म्हणजे कोयनेचं काम सुरू झालं, तेव्हा ही विद्या जगात कुठेच नव्हती. अण्णांनी घरी येऊन पाटीवर आम्हाला बाणांचं जाळं काढून दाखवलं, माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचं. लांब वाट निघाली ती सोनाराची. सगळे म्हणाले, हे तर आम्हाला आधीच माहीत होतं.

हे सगळं मी एका वेगळ्याच ठिकाणी पुन्हा उकरून काढायला लागले. पुण्यात आमचा एक ‘चॅप्टर’ आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजे पीएमआय, ही संस्था अमेरिकेत १९६९ साली निघाली. तिच्या गावोगावच्या शाखांना चॅप्टर म्हणतात, त्यातला हा पुणे-डेक्कन. सगळं काम हौशी माणसं करतात, पगार कुणालाच नाही. संध्याकाळची व्याख्यानं, परीक्षेला बसणाऱ्यांचे अभ्यासवर्ग, वर्षाकाठी एक मोठी परिषद, सभासदांच्या वर्गणीचा हिशेब, आणि हॉल कुणाचा मिळतोय यावर लांबलचक चर्चा. गणेशमंडळात काम केलेल्या माणसाला इथे काही नवं शिकावं लागत नाही. फक्त मांडवाच्या जागी प्रोजेक्टर.

लोक येतात कशाला? खरं सांगायचं तर बरेचसे गुणांसाठी येतात. पीएमआयची पीएमपी ही परीक्षा एकदा दिली की झालं असं नसतं. दर तीन वर्षांत ६० पीडीयू मिळवायचे, म्हणजे साधारण ६० तासांचं शिक्षण दाखवायचं, तर ते प्रमाणपत्र टिकतं. व्याख्यानाला एक तास बसलं की एक पीडीयू. तेव्हा कुणाकुणाची मुदत संपत आली, की गर्दी वाढते. आणि नंतर बटाटेवडे असतील तर आणखी वाढते. मी कार्यकारिणीत असताना वडे बंद करून बिस्किटं ठेवावीत असा ठराव आला होता. खर्चाचं कारण होतं. पुढच्या सभेला मोजकीच डोकी. ठराव गुपचूप मागे.

पण हे सगळं हसण्यावारी नेलं, तरी एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. तिथे जी माणसं वर्षानुवर्षं येतात, पीडीयू कधीचे पुरे झाले तरी येतात, त्यांची सगळ्यांची तऱ्हा आमच्यासारखीच. एक मोटारीच्या कारखान्यात नवी असेंब्ली लाइन उभी करून दुसरीकडे गेलेला. एक आखातात रिफायनरीवर होता. एक बाई, आयुष्यभर बँकांच्या संगणकप्रणाली बसवत फिरलेल्या. पीएमआयच्या पुस्तकातली प्रकल्पाची व्याख्याच अशी आहे, की ज्याला सुरुवात आणि शेवट आहे ते काम. शेवट नसेल तर तो प्रकल्पच नाही. म्हणजे या माणसांचं सगळं आयुष्य संपणाऱ्या कामांत गेलं. टीम जमते, एकमेकांच्या डब्यातलं खातात, मुलांची नावं पाठ होतात, आणि एके दिवशी केक कापून सगळे पांगतात. कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कारखान्याचं फाटक तरी असतं. यांना फाटक नाही. चॅप्टर म्हणजे यांची कॉलनी. फरक एवढाच, की ही उठत नाही.

म्हणून मी एक प्रस्ताव मांडला. वर्षातून काही संध्याकाळी पाहुण्या तज्ज्ञाऐवजी जुन्या माणसांना बोलवायचं. स्लाइड नाही, आकडे आठवतील तेवढे. तरुण मंडळींनी थोडं नाक मुरडलं. मग म्हणाले, ठीक आहे, पीडीयू मिळेल ना?

पहिला आला तो माझा मामा. आईचा धाकटा भाऊ. वय झालेलं, पण आवाज कोकण रेल्वेच्या भोंग्यासारखा. तो कोकण रेल्वेच्या कामावर एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता, रत्नागिरीच्या अलीकडे. मामा बोलायला उभा राहिला तो रेल्वेवर आलाच नाही. आधी बोटीवर गेला. लहानपणी मुंबईला कसं जायचं, डेकवर वळकटी टाकून, उलट्यांसाठी आवळासुपारी, आणि आजोबांनी १९४७ सालच्या ‘रामदास’ बोटीच्या बुडण्याची गोष्ट नेमकी बोटीतच कशी सांगितली. मग बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांची भाषणं. मग अ. ब. वालावलकर, ज्यांनी या रेल्वेचा ध्यास घेतला. समोर बसलेली सॉफ्टवेअरची पोरं घड्याळाकडे बघायला लागली. मी चिठ्ठी पाठवली. मामानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली, “बोगद्यावर या,” आणि म्हणाला, “बाळ, कोकणात बोगद्यावर यायला माणसाला शंभर वर्षं लागली. तू पाच मिनिटं थांब.”

मग आला बोगद्यावर. कोकण रेल्वे महामंडळ झालं १९९० च्या जुलैत. रेल्वेतून त्याच साली निवृत्त झालेले ई. श्रीधरन प्रमुख. भागभांडवलात रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ सहा-सहा, बाकी पैसा रोखे काढून उभा केला. रोहा ते मंगळूर, साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, नव्वदाच्या वर बोगदे आणि छोटेमोठे मिळून २,००० च्या घरात पूल. पाच वर्षांत करायचं ठरलं होतं, लागली सातच्या वर, पहिली पूर्ण लांबीची गाडी निघाली ती २६ जानेवारी १९९८ ला. हे आकडे मी नंतर जुळवून घेतले. मामानं सांगितलं ते असं, की डोंगर टणक असला तर बोगदा सोपा. स्वीडनहून आणलेली यंत्रं होती, ती कातळ खात सुटायची. माती आली, की संपलं. ओली माती, वरून पाऊस, रात्री खणलेलं सकाळी भरलेलं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यानं तर सगळ्यांना रडवलं. तिथे वेळापत्रक, यंत्र, पैसा, काही चाललं नाही.

“मग काय केलंत?” एका मुलीनं विचारलं.

“काय करणार? दर खेपेला थोडं थोडं. हातभर पुढं जायचं, आधार द्यायचा, परत हातभर.”

ती म्हणाली, “म्हणजे ॲजाइल.” सॉफ्टवेअरमध्ये थोडं थोडं करत पुढे जायला असं म्हणतात. मामानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो म्हण.” तो म्हणाला, “हो.”

करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मधे. दोन्ही टोकांकडून खणत आले. मामाच्या म्हणण्याप्रमाणे, मधला शेवटचा पडदा फुटला तेव्हा आधी पलीकडचा वारा आला आणि त्याला विडीचा वास होता. मग पलीकडून एक हात आला. पेढे इकडून तिकडे गेले की तिकडून इकडे आले, यावर मामाचं आणि त्याच्या जुन्या सोबत्याचं अजून एकमत नाही. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल तर त्याच्या लेखी सगळ्यांत मोठा चमत्कार. पुलाचा माथा एका टोकाला बांधायचा आणि तयार होईल तसा खांबांवरून पुढे सरकवत न्यायचा, अशी ही पद्धत, आणि भारतात ती पहिल्यांदा तिथे वापरली. मामा म्हणाला, “पूल ढकलत नेला.” कुणाचा विश्वास बसेना. मागच्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर उठून म्हणाले, “ते खरं सांगतायत.” मामा त्यांच्याकडे बघून म्हणाला, “आतापर्यंतचंही खरंच होतं.”

दुसऱ्या एका संध्याकाळी ‘लेक टॅपिंग’वर बोलणं झालं. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ ला धरणातलं पाणी बोगद्यात असं घेतलं, की तलाव रिकामा करायला लागला नाही. ही नॉर्वेवाल्यांची कला. तलावाच्या तळाखालून बोगदा नेत नेत अगदी जवळ यायचं. मधे दगडाचं एक बूच ठेवायचं. त्याला भोकं पाडून सुरुंग भरायचे, माणसं बाहेर काढायची आणि एकाच धमाक्यात बूच उडवायचं. दुसरी संधी नाही. पाणी आत घुसलं की घुसलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये असंच पुन्हा एकदा केलं. सांगणारे गृहस्थ खात्यातले होते, त्या कामाच्या आसपास वावरलेले. त्यांना कुणीतरी विचारलं, “धोक्यांची यादी केली होती का?” ते म्हणाले, केली होती ना, मोठी होती. पण त्या दिवशी सगळ्यांच्या पोटात होता तो गोळा त्या यादीत नव्हता.

१९९९ साली अण्णा होते. टीव्हीवर बातमी लागली, पाण्याचा फवारा उसळताना दाखवला. ते खुर्चीतून उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले. आईला वाटलं, दिसत नाही म्हणून. ते भिंत शोधत होते. कॅमेरा सगळा पाण्याकडे. पाणी कशानं अडलंय ते दाखवायचं कुणाला सुचलं नाही, याचा राग त्यांना बरेच दिवस पुरला.

त्यांना चॅप्टरमध्ये आणायचं राहून गेलं. तेव्हा माझा चॅप्टरशी संबंधच नव्हता. पण त्यांची मापवहीची गोष्ट मी दर अभ्यासवर्गात सांगते. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना जाडजूड मार्गदर्शक पुस्तक वाचावं लागायचं, सहाव्या आवृत्तीत तर ४९ प्रक्रिया होत्या. २०२१ ला सातवी आवृत्ती आली ती एकदम सडपातळ, १२ तत्त्वांची. मुलं सुटलो म्हणाली. त्या ४९ मधे एक काम असं होतं, की प्रकल्प संपताना काय शिकलो ते लिहून ठेवायचं. सगळे लिहितात. मी कितीतरी वाचली आहेत ती टिपणं. सगळ्यांत एकच: संवाद वाढवावा, नियोजन आधी करावं. खोडरबरानं पुसून गुळगुळीत केलेली. चुकलेला आकडा दिसत नाही, शेजारी सही नाही. कुणी कुणाचं गाव बुडवलं, कोण घर सोडून भिंतीकडे धावलं, वडे बंद केल्यावर काय झालं, यातलं काही त्यांत सापडत नाही. ते ऐकायला म्हातारी माणसं गाठावी लागतात, आणि त्यांना भजी-चहा देऊन भरकटू द्यावं लागतं. मामा बोटीवरून आला नसता, तर बोगद्याला शंभर वर्षं का लागली हे त्या मुलांना कळलं नसतं.

करोनाच्या काळात या संध्याकाळी पडद्यावर गेल्या. माणसं जास्त यायची, अगदी अमेरिका-सिंगापूरहूनही. पण मामा बोलताना त्याचा आवाज बंद राहायचा आणि सुरू झाला की कॅमेरा छताकडे. तरी त्याच काळात एका बैठकीत कोयनेच्या कॉलनीतली आमच्या मागच्या चाळीतली एक मैत्रीण अचानक उगवली. आता ती दुबईत, विमानतळाच्या कामावर. नाव बदललेलं, चेहरा बदललेला. ओळख पटली ती तिनं मोठ्यानं बोलायला सुरुवात केल्यावर. छपरावर पाऊस पडत असल्यासारखं. बाकीचे आवाज कमी करा म्हणत होते, आणि आम्ही दोघी सिस्टरबाईंच्या इडलीवर होतो.

आता पुढची संध्याकाळ तिची आहे. ती प्रत्यक्ष येणार आहे. विमानतळावर बोलणार म्हणते, पण मला खात्री आहे, ती हेळवाकच्या शाळेवर जाणार. तरुण चिटणीसाला मात्र वेगळीच चिंता. पीडीयू नोंदवताना तीन रकाने असतात, काम करायच्या पद्धती, माणसं हाताळायची कौशल्यं आणि धंद्याची समज. त्यानं विचारलं, “काकू, ही गोष्ट कुठल्या रकान्यात टाकायची?” मी म्हटलं, तिन्हीत थोडी थोडी टाक. तो म्हणाला, “पावपाव तासाच्या पटीतच घेतात हो.” मग आम्ही दोघं कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. तिला बोलायला तास दिलाय. मी दीडचा हिशेब धरलाय, आणि वड्यांची ऑर्डर दोन तासांची दिली आहे.